मुलाची खोली की आईबापांची हौस?

गृहप्रवेशाचे आमंत्रण आले की अलीकडे आमच्या मनात आनंदाबरोबर थोडी धास्तीही उभी राहते. वास्तुशांतीच्या जेवणाची धास्ती वाटावी इतके आम्ही अरसिक नाही. धास्ती वाटते ती जेवणापूर्वीच्या प्रदक्षिणेची. यजमान पुढे आणि पाहुणे मागे अशी एक मिरवणूक खोलीखोलीतून निघते, आणि प्रत्येक भिंतीपाशी थांबून तिची वाखाणणी करणे हे पाहुण्याचे कर्तव्य होऊन बसते. दिवाणखाना, स्वयंपाकघर, सज्जा यांच्यासंबंधी हे कर्तव्य आम्ही निष्ठेने बजावतो. आपली बसण्याउठण्याची जागा कशी शृंगारावी हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. परंतु ‘आणि ही आमच्या बाळाची खोली’ असे म्हणून जेव्हा शेवटचे दार उघडले जाते, तेव्हा आमची जीभ अडखळते. ती का अडखळते हे एकदा उघडपणे सांगून टाकावे म्हणून हा लेखप्रपंच.

निमित्त घडले ते पुण्याच्या पश्चिमेस वसलेल्या एका नव्या वसाहतीत, एका स्नेह्यांच्या घरी. बाळाच्या खोलीत तांबड्या शर्यतीच्या मोटारीच्या आकाराचा पलंग होता. एका भिंतीवर, छतापासून जमिनीपर्यंत, जिराफ, सिंह, हत्ती आणि माकडे यांचे अरण्य कागदावर छापून चिकटवले होते. छताला प्लास्टरचे ढग होते व त्या ढगांआड दिवे लपवले होते. पलंगाच्या उशाशी बाळाचे नाव लाकडी इंग्रजी अक्षरांत झळकत होते; आणि आमच्या खांद्याच्या उंचीवर असलेल्या फळ्यांवर खेळणी उंचीच्या क्रमाने, शाळेतील कवायतीसारखी, उभी केलेली होती. सजावटकाराने काय काय सुचवले, कोणती वस्तू कोठून मागवली, हे गृहिणी मोठ्या उत्साहाने सांगत होत्या. खोलीचा धनी, वय वर्षे पाच, दाराशी आमच्यासारखाच पाहुण्याच्या अदबीने उभा होता.

आम्ही त्याला म्हटले, “बाळ, तुझी खोली तू दाखव की आम्हाला.”

त्याने आमचे बोट धरले आणि आम्हाला त्या खोलीतून बाहेर नेले. आजीच्या खोलीत तिची जुनी लोखंडी खाट होती. खाटेवरून लोंबणाऱ्या गोधडीचे टोक त्याने वर उचलले. आत बुटांचे एक रिकामे खोके, बाटल्यांची काही बुचे, बंद पडलेली एक विजेरी आणि फरशीवर खडूने ओढलेली एक वाकडी रेघ होती. “हे बघा आजोबा, ही माझी खोली,” तो म्हणाला. “इथे वाकून यावं लागतं.”

मंडळी हसली, आम्हीही हसलो. पण घरी परतताना ते हसू टिकले नाही. हजारो रुपये वेचून, सजावटकार नेमून, दोन महिने सुतार घरात नांदवून जी खोली मुलासाठी सिद्ध केली, ती त्या मुलाने आपली मानली नव्हती. आणि जिच्यावर एक पैही खर्च झाली नव्हती, त्या खाटेखालच्या अंधाऱ्या जागेवर त्याने आपली मालकी निःशंकपणे सांगितली होती. हा मुलाचा हट्ट किंवा अडाणीपणा आहे असे ज्यांना वाटत असेल त्यांनी पुढे वाचण्याचे श्रम घेऊ नयेत. आमचा पक्ष त्या मुलाचा आहे. आमचे म्हणणे असे की, ज्या खोलीत मुलाला करण्यासारखे काही उरलेले नसते ती खोली कितीही सुंदर असली तरी मुलाची होत नाही. आणि मुलाची खोली सजवण्याचा पहिला हक्क मुलाचा असून वडील मंडळींचे काम त्या सजावटीला जागा करून देण्यापुरतेच आहे.

या प्रश्नात आमचे प्रतिपक्षी दोन आहेत, आणि ते परस्परांचेही वैरी आहेत. पहिला पक्ष चित्रविचित्रवाद्यांचा. दुसरा स्वतःला ‘कालातीत’ अभिरुचीचा म्हणवतो. दोघांचाही समाचार क्रमाने घेऊ.

पहिल्या पक्षाचे सूत्र असे की मुलांना गंमत आवडते, म्हणून त्यांच्या खोलीत गंमत ठासून भरावी. पूर्वार्ध खरा आहे, उत्तरार्ध फसवा. गंमत ही मूल करते. ती भिंतीला चिकटवून ठेवता येत नाही. पलंग जोवर साधा असतो तोवर तो सकाळी आगगाडी, दुपारी होडी, आणि संध्याकाळी प्रतापगड होऊ शकतो. त्याला एकदा तांबड्या मोटारीचा आकार दिला म्हणजे तो जन्मभर मोटारच राहतो. भिंतीवर छापलेला सिंह पहिल्या दिवशी मुलाला दचकवतो, दुसऱ्या दिवशी हसवतो, आठव्या दिवसापासून तो त्याला दिसेनासा होतो; कारण त्या सिंहाचे पुढे काहीच व्हावयाचे नसते. शिवाय मूल वाढते ही एक सामान्य गोष्ट या पक्षाच्या हिशेबातून सुटलेली असते. पाचव्या वर्षी जे चित्र प्राणप्रिय असते, तेच आठव्या वर्षी मित्रांसमोर लाज आणते. मोटारीच्या पलंगातून मुलाचे पाय बाहेर येऊ लागतात, आणि मग भिंत खरवडणे, पलंग विकणे व नवा सजावटकार बोलावणे हे चक्र पुन्हा सुरू होते. या चक्रात कोणाचा लाभ आहे हे सुज्ञ वाचकांस सांगावयास नको.

बाजाराच्या या सत्तेचे एक उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. मुलगी झाली की खोली गुलाबी, मुलगा झाला की निळी. जणू ब्रह्मदेवानेच रंगांची ही वाटणी करून दिली आहे! वस्तुतः १९१८ साली अमेरिकेतील बालवस्त्रांच्या एका व्यापारी नियतकालिकाने याच्या नेमका उलट सल्ला दिला होता : गुलाबी रंग अधिक ठाम, म्हणून तो मुलग्यांना, निळा अधिक नाजूक, म्हणून तो मुलींना. पुढे व्यापाऱ्यांचे मत पालटले आणि त्याबरोबर जगाचा ‘निसर्गनियम’ही पालटला. आमच्या घरांत तर ही वाटणी अगदी अलीकडे आली. बारशाच्या दिवशी पाळण्याला जे लुगडे सापडेल ते बांधणाऱ्या, आणि वर रंगीत लाकडी चिमण्यांचे चिमणाळे टांगणाऱ्या आमच्या आज्यांना मूल मुलगा की मुलगी हे रंगाने जाहीर करण्याची गरज भासली नव्हती. चिमणाळ्यातील चिमण्या तांबड्या, पिवळ्या, हिरव्या अशा सगळ्याच रंगांच्या असत.

आता दुसरा पक्ष. तो पहिल्यापेक्षा सुशिक्षित आहे आणि म्हणूनच अधिक धोक्याचा. त्याला जिराफांचा तिटकारा आहे. त्याच्या घरी मुलाच्या खोलीची भिंत राखेच्या किंवा ताकाच्या रंगाची असते. लाकूड फिकट, पडदे जाड्याभरड्या सुताचे, गालिचा कोऱ्या लोकरीच्या रंगाचा. खेळणी लाकडाची, आणि तीही भिंतीच्या रंगाला साजेल अशी. कोणी मामाने हौसेने आणलेली भडक हिरवी बाहुली येथे कपाटात कोंडली जाते, कारण ती ‘एकूण परिणाम’ बिघडवते. ‘ही सजावट कधी जुनी होणार नाही’ असे हे लोक अभिमानाने सांगतात. खरे आहे, जी कधी कोवळीच नव्हती ती जुनी कशी होणार? अशा खोलीत शिरल्यावर आम्हाला एखाद्या प्रौढ, मितभाषी, किंचित खिन्न गृहस्थाच्या अभ्यासिकेत आल्यासारखे वाटते. फक्त खुर्च्या तेवढ्या लहान असतात. पहिला पक्ष मुलाला जत्रेत राहावयास लावतो, तर दुसरा संग्रहालयात. आणि दोन्हीकडे पाटी एकच लावलेली असते : ‘हात लावू नये.’

या दुसऱ्या पक्षाची देशी शाखाही निघाली आहे. तिला परकीय सजावट नको असते, म्हणून ती वारली चित्रांचे छापील कागद आणून मुलाच्या भिंतीवर डकवते व आपण संस्कृतिरक्षण केले अशा समाधानात झोपी जाते. वारली चित्रकला म्हणजे काय हे थोडे आठवून पाहावे. ठाणे व पालघरकडील वारली घरांत लग्नाच्या वेळी सुवासिनी कुडाच्या, गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने चौक लिहीत आल्या. चित्र त्या घराचे, त्या लग्नाचे, आणि लिहिणाऱ्या हातांचे असे. पुढे जिव्या सोमा मशे यांनी ती कला लग्नविधीच्या बाहेर, कागद व कापडावर आणली आणि जगापुढे नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली ते निवर्तले. या सर्व इतिहासात मोलाची वस्तू होती ती माणसाचा हात. तो हात वगळून उरलेली रेघ यंत्राने छापून चिकटवली म्हणजे कलेची कात तेवढी घरात येते, साप निघून गेलेला असतो. त्याऐवजी मुलाला एक गेरू लावलेली फळी द्यावी, वाटीभर तांदळाचे पातळ पीठ द्यावे आणि बाभळीची चावलेली काडी द्यावी. त्याने काढलेली माणसे वारली होणार नाहीत. पण ती त्याची होतील, आणि वारली स्त्रियांच्या परंपरेशी त्यांचे नाते छापील कागदापेक्षा खचित जवळचे असेल.

येथे कोणी विचारील की, जत्रा नको आणि संग्रहालयही नको, तर मग खेळकर असूनही न विटणारी अशी खोली असते तरी कशी? या प्रश्नाचे उत्तर आम्हाला नव्याने शोधावयाचे नाही. ज्यांनी मुलांकडे लक्षपूर्वक पाहिले त्यांनी ते केव्हाच देऊन ठेवले आहे.

६ जानेवारी १९०७ रोजी रोम शहरातील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी आपले पहिले बालगृह उघडले. तेथे शाळेतील जड, जमिनीला खिळलेली बाके नव्हती. मुलाला स्वतः उचलता येईल अशी हलकी मेजे व खुर्च्या, आणि त्याचा हात पोहोचेल अशी बुटकी कपाटे, ही त्या घराची खरी सजावट होती. टीकाकार म्हणाले, मुले या खुर्च्या पाडतील. बाईंचे उत्तर मोठे मार्मिक होते : खुर्ची पडून आवाज झाला म्हणजेच मुलाला आपल्या हालचालीतील चूक कळते आणि तो जपून चालावयास शिकतो, खिळलेली बाके ती चूक झाकून ठेवतात. याच बाई १९३९ साली हिंदुस्थानात आल्या, महायुद्धामुळे १९४६ पर्यंत येथेच राहिल्या, आणि मद्रासजवळ अड्यार येथे त्यांनी शिक्षकांचे वर्ग चालवले. तेव्हा ही काही दूर देशीची, आपल्याला अनोळखी अशी गोष्ट आहे असे म्हणण्याची सोय आपल्याला नाही.

दुसरा दाखला १९२३ सालचा. जर्मनीत वायमार येथील बाउहाउस या कलाशाळेने आपल्या प्रदर्शनासाठी ‘हाउस आम हॉर्न’ नावाचे एक नमुन्याचे घर बांधले. त्यातील मुलांच्या खोलीचे सामान आल्मा बुशर या तरुण विद्यार्थिनीने योजले. तिने भिंतीवर सिंह काढला नाही. तिने एक खेळण्यांचे कपाट केले, ज्यातील निरनिराळ्या आकारांची रंगीत खोकी बाहेर काढून मुलाने त्यांचे मेज करावे, बैठक करावी, गाडी करावी. आणि कपाटाच्या दारातच एक खिडकी ठेवली, जीतून बाहुल्यांचा खेळ मांडता यावा. मूल मोठे झाले तर त्याच कपाटात पुस्तके राहावीत. तिनेच त्याच सुमारास केलेला लाकडी ठोकळ्यांचा खेळ, ज्यातून प्रथम एक गलबत होते आणि मग मुलाच्या मनास येईल ते होते, आज शंभर वर्षांनंतरही तयार होतो आणि विकला जातो. ती स्वतः १९४४ साली एका हवाई हल्ल्यात मरण पावली. कालातीत हा शब्द वापरावयाचाच असेल तर तो या ठोकळ्यांना शोभतो. आणि त्यांच्या कालातीतपणाचे कारण फिकट रंग हे नाही. ते ठोकळे अपुरे आहेत, म्हणजे मुलाच्या हाताशिवाय ते पुरे होत नाहीत, हे ते कारण आहे.

तिसरा दाखला आपल्या घरचा. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरात बालमंदिर काढले. त्यांच्यासोबत ताराबाई मोडकांनी काम केले, आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ साली ताराबाई बोर्डीस गेल्या. तेथे गरिबांच्या मुलांसाठी मॉन्टेसरीची महाग साधने आणणे शक्य नव्हते व इष्टही नव्हते, म्हणून बिया, शंख-शिंपले, पाने, दगड, माती हीच साधने झाली. मुले शाळेत येत ना, म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात गेली, आणि तिचे नाव अंगणवाडी पडले. १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले व अनुताई वाघांनी ते पुढे वाढवले. आज गावोगाव अंगणवाडी हा शब्द आहे. पण त्या शब्दामागचा विचार, म्हणजे मुलाच्या भोवती असलेले साधे जग त्याच्या हाती देणे, हा आमच्या सुखवस्तू घरांतून मात्र हद्दपार झाला आहे.

आणि थोर माणसांचे हे दाखलेही बाजूला ठेवू. आमच्या प्रतिपक्षीयांपैकी प्रत्येकाने लहानपणी दिवाळीचा किल्ला केलेला आहे. विटा, दगड, फाटकी पोती, चाळलेली माती. बुरुज कोठे, तळे कोठे यावरून झालेली भांडणे. मातीत पेरलेले अळीव आणि चारच दिवसांत त्यावर आलेली हिरवळ. सिंहासनावर महाराज, आणि पायथ्याशी मावळ्यांबरोबर, प्रमाणाची यत्किंचित पर्वा न करता, उभा केलेला रबरी बैल. यापेक्षा अधिक खेळकर अशी कोणती रचना आहे? आणि यापेक्षा अधिक टिकाऊ तरी कोणती? दरवर्षी किल्ला मोडतो, दरवर्षी तो नव्याने उभा राहतो, आणि पिढ्यान्पिढ्या त्याला कोणी विटलेले नाही. आता बाजारात प्लास्टरचा तयार किल्लाही मिळतो. तो अधिक रेखीव असतो, हात मळत नाहीत, सतरंजी खराब होत नाही. तरीही तो आणणाऱ्या बापाची आम्हाला कीव येते. आणि वाचकांपैकी बहुतेकांना ती येत असेल अशी आमची खात्री आहे. मग जी गोष्ट किल्ल्याच्या बाबतीत आपणांस विनासायास पटते, ती खोलीच्या बाबतीत का पटू नये? सजवून तयार केलेली मुलाची खोली हा प्लास्टरचा किल्लाच होय.

आक्षेप येतील, ते आम्ही जाणतो. पहिला आक्षेप मोठा आहे आणि तो खरा आहे : ‘महाराष्ट्रातील किती मुलांना स्वतंत्र खोली आहे? मुंबईच्या चाळीत एका खोलीत सारे कुटुंब राहते; त्यांना तुम्ही हे काय सांगता?’ आम्ही असे सांगतो की, त्यांना आमच्या सांगण्याची गरजच कमी आहे. आमचा सिद्धांत चौरस फुटांवर अवलंबून नाही. दाराआडचा कोपरा, जिन्याखालची जागा, भिंतीवर मुलाच्या उंचीवर ठोकलेली एक खुंटी आणि तिच्यावर त्याचीच पिशवी, एवढ्यानेही मुलाला आपले राज्य मिळते. ते आजीच्या खाटेखाली मिळाले हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. ज्यांना खोली देणे परवडते त्यांनी ती देऊन काढून घेऊ नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

दुसरा आक्षेप : ‘पण मुलालाच ती चित्रे हवी होती!’ हवी असतील. मुलाला रोज जेवणाऐवजी जिलबीही हवी असते. तथापि आम्ही येथे कठोर नाही. त्याच्या आवडीचा चित्रपटातील उंदीर किंवा कोळीमानव त्याला अवश्य द्यावा; पण तो उशीच्या अभ्र्यावर, चादरीवर, डब्यावर द्यावा. अभ्रा धुण्यात विरतो, आवडही विरते, आणि दोन्ही एकाच वेळी बदलता येतात. भिंत व पलंग ही मात्र दीर्घायुषी माणसे आहेत. त्यांच्या अंगावर क्षणिक प्रेमाचे गोंदण करू नये.

तिसरा आक्षेप स्वच्छतेचा व सुरक्षिततेचा. यांपैकी सुरक्षितता हे वडिलांचेच काम आहे, आणि आश्चर्य असे की सजावटीवर एवढा खर्च करणारी मंडळी नेमके येथे निष्काळजी असतात. भिंतीच्या व लाकडाच्या रंगात शिसे असू शकते, आणि ते मुलांच्या मेंदूस अपायकारक आहे. आपल्या सरकारने २०१६ साली केलेल्या व नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आलेल्या नियमांप्रमाणे घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसे असता कामा नये. डब्यावर तसा उल्लेख आहे की नाही हे किती जण पाहतात? १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक चिन्ह बंधनकारक आहे. ते किती जण शोधतात? उंच कपाट मूल खणांवर पाय ठेवून चढले की त्याच्या अंगावर कोसळू शकते, म्हणून ते भिंतीला जखडावे. पलंग खिडकीखाली ठेवू नये. खिडकीला गज असावेत. पडद्याच्या दोऱ्या लोंबत्या ठेवू नयेत. मुलाच्या खोलीत वडिलांनी दाखवावयाचे प्रेम ते हे. आणि ते छायाचित्रात दिसत नाही, म्हणूनच बहुधा ते राहून जाते.

स्वच्छतेविषयी मात्र आम्हाला एक गोष्ट कबूल करावयाची आहे. ती सांगितल्यावाचून या विषयावर बोलण्याचा आम्हाला अधिकार नाही.

आमची डोंबिवलीस दोन खोल्यांची जागा होती. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर आमची कन्या दर वाढदिवसाला पाठ टेकून उभी राही, आणि आम्ही तिच्या डोक्यावर पट्टी धरून पेन्सिलीने खूण करीत असू, शेजारी तारीख. पुढे तिने स्वतःच त्या खुणांच्या आजूबाजूला चेहरे काढले, मैत्रिणींच्या खुणा केल्या, एका मांजराचीही उंची नोंदवली. ती अकरा वर्षांची असताना दिवाळीपूर्वी आम्ही घर रंगवून घेतले. रंगाऱ्याने विचारले, “साहेब, चौकटीवर लिहिलंय, घासून काढू का?” आम्ही म्हटले, “काढा, घाण झालीय सगळी.” संध्याकाळी मुलगी शाळेतून आली, चौकटीपाशी थांबली, ओला रंग बोटाला लागला तो तिने फ्रॉकला पुसला, आणि त्याबद्दल आईची बोलणी निमूटपणे खाल्ली. चौकटीविषयी ती काहीच बोलली नाही. आम्हाला वाटले, तिच्या ध्यानातही आले नाही.

गेल्या वर्षी तिच्या मुलाच्या सहाव्या वाढदिवशी तिचा फोन आला. तिने विचारले, “बाबा, त्या चौकटीवरची माझी सहाव्या वर्षाची खूण तुम्ही कुठे उतरवून ठेवली होती का? याची उंची माझ्याएवढी आहे का ते बघायचं होतं.” आम्ही ती कोठेच उतरवून ठेवली नव्हती. घर स्वच्छ दिसावे म्हणून ज्याला आम्ही घाण म्हटले, ती आमच्या घरातील एकमेव खरी सजावट होती. आणि तीस वर्षांनी तिच्या मालकिणीने तिची चौकशी केली तेव्हा आमच्यापाशी उत्तर नव्हते. तेव्हा या लेखात इतरांवर जे कोरडे ओढले आहेत, त्यांतील पहिला आमच्या पाठीवर आहे हे वाचकांनी लक्षात घ्यावे.

म्हणून शेवटी आमची मागणी थोडक्यात मांडतो. मुलाच्या खोलीतील निदान एक भिंत त्याची असावी. तिला धुता येणारा रंग द्या, काळी फळी बसवा, नाहीतर नुसते कोरे कागद टाचा, पण तिच्यावर काय असावे हे आपण ठरवू नका. पलंग पुऱ्या लांबीचा, साधा व भक्कम घ्या. तो कॉलेजात जाईपर्यंत पुरेल. फळ्या व खुंट्या त्याच्या हाताच्या उंचीवर लावा, आणि तो वाढेल तशा वर सरकवा. जमीन शक्य तितकी मोकळी ठेवा. मुलाचे मेज म्हणजे जमीनच. भातुकलीची बोळकी, सागरगोटे, ठोकळे, दोरी, जुने लुगडे अशा अनेकरूपी वस्तू जवळ ठेवा, कारण जुन्या लुगड्याचा तंबू होतो आणि तंबूचे कधी लुगडे होत नाही. त्याची एक पेटी असू द्या, जी त्याच्या परवानगीवाचून कोणी उघडणार नाही. आजीला टेकून बसता येईल एवढी एक जागा ठेवा. गोष्ट सांगणारे माणूस हे अद्याप कोणत्याही सजावटकाराला मागवून देता आलेले नाही. आणि घर रंगवावयास काढाल तेव्हा रंगाऱ्याच्या आधी मुलाला विचारा.

ज्यांची खोली याआधीच सजून तयार झाली आहे त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. आज रात्री मूल निजल्यावर त्या खोलीत जाऊन क्षणभर जमिनीवर बसावे, आणि त्या उंचीवरून चोहोकडे पाहावे. तेथून हाताला काय लागते, काय हलवता येते, काय मोडून पुन्हा जोडता येते, आणि यांतले मुलाने स्वतः आणलेले, काढलेले किंवा लावलेले असे काय आहे, हे मोजावे. बोटे मोजून संपली तर या लेखातील एक अक्षरही आपल्याला लागू नाही. मोजावयास काही सापडलेच नाही, तर सकाळी मुलाला त्याची खोली दाखवावयास सांगावे, आणि तो जेथे नेईल तेथे वाकून जावे.